आजोबा खरे की वडील? कारखानदारीनं घरात नेमकं काय आणलं, ते मोजायचं कसं

नाशिकच्या अंबड भागातल्या एका विद्यार्थ्यानं विचारलं आहे: "माझे आजोबा १९७३ साली सिन्नर तालुक्यातून येऊन सातपूरला कंपनीत लागले. ते म्हणतात, कंपनीनं आम्हाला माणसात आणलं. वडील वीस वर्षं कंत्राटी कामगार आहेत; ते म्हणतात, कारखान्यांनी नुसतं राबवून घेतलं. इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीबद्दल वाचलं, तर तिथं पहिली पन्नास-साठ वर्षं कामगाराच्या हाती फारसं काही लागलं नाही असं दिसतं. मग कारखानदारीनं राहणीमान सुधारतं की बिघडतं? आणि हे मोजतात कसं?"

दोघंही खरं सांगताहेत, आणि हे मी दोघांची मनं राखायला म्हणत नाही. त्यांची तुलनाच वेगवेगळ्या गोष्टींशी आहे. आजोबा १९७३ च्या पगाराला १९७२ च्या गावाशेजारी ठेवून बघतात. वडील स्वतःच्या पगाराला त्याच मशीनवर उभ्या असलेल्या परमनंट माणसाच्या पगाराशेजारी ठेवतात. राहणीमानाच्या इतिहासातले निम्मे वाद असेच चालत आले आहेत. कशाच्या तुलनेत, एवढं आधी ठरवलं की पुष्कळसा धुरळा खाली बसतो.

मी नाशिकमध्ये तीस वर्षं आर्थिक इतिहास शिकवला. सुट्ट्या मात्र सिन्नर, मालेगाव आणि सातपूरच्या घरांमध्ये माणसांचे हिशेब उतरवून घेण्यात गेल्या. सुरुवातीला माझी पद्धत सरळ होती. वहीच्या एका रकान्यात गावातली मजुरी, दुसऱ्यात कंपनीचा पगार, आणि तिसऱ्यात वजाबाकी. सिन्नरच्या पूर्वेकडच्या एका गावात एका आजींना मी ती वही वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "बाई, मजुरी रोजाची लिवली, पण वर्साचं काम किती दिस असतं ते कुठं लिवलंय?" त्या दिवसापासून मी वहीत चौथा रकाना आखला: कामाचे दिवस. कोरडवाहू गावात पेरणी, खुरपणी, सोंगणी, मळणी एवढ्याच वेळा हाताला काम. उरलेले महिने सरपण गोळा करायचं, घर शाकारायचं, नाहीतर उसनवारी. कंपनीच्या पगाराची खरी ताकद आकड्यापेक्षा बारा महिन्यांच्या सलगपणात होती. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पैसे येणार हे दुकानदाराला ठाऊक असलं की उधारीही वेगळ्या भावानं मिळते.

त्यात तुमचे आजोबा आले ते वर्ष बघा. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना खडी फोडणं, पाझर तलावाची माती वाहणं, कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी विसरता येत नाही. दुष्काळी कामांवर बाप्ये, बाया, पोरं सगळी एका रांगेत असत. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना त्याच काळात उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तिथून उठून जो माणूस सातपूरच्या छपराखाली आठ तास उभा राहिला, त्याला 'माणसात आलो' असं वाटलं तर त्यात काडीची अतिशयोक्ती नाही. मात्र दुष्काळाच्या वर्षाला पाया धरलं की कोणतीही नोकरी उंच दिसते, हे हिशेब करणाऱ्यानं लक्षात ठेवायला हवं. १९७२ ऐवजी चांगल्या पावसाचं एखादं वर्ष धरून बघा, फरक कमी होईल. नाहीसा होणार नाही.

आता इंग्लंड. तुम्ही वाचलंत ते ढोबळमानानं बरोबर आहे. रॉबर्ट ॲलन या अर्थ-इतिहासकाराच्या मांडणीनुसार १७८० ते १८४० या साठ वर्षांत ब्रिटनमध्ये दर कामगारामागचं उत्पादन ४६ टक्क्यांनी वाढलं आणि खरं वेतन, म्हणजे महागाई वजा करून उरणारं वेतन, वाढलं फक्त १२ टक्क्यांनी. बाकीचं नफ्यात गेलं. ही साठ वर्षं म्हणजे दोन पिढ्या. १८४० नंतर मात्र वेतनानं उत्पादनाची पाठ धरली आणि शतकाच्या उत्तरार्धात कामगारांची घरं खरोखर सुधारली. म्हणजे 'कारखान्यानं सुधारलं' हेही खरं आणि 'साठ वर्षं काही मिळालं नाही' हेही खरं. अडचण एवढीच की ज्यांनी सोसलं आणि ज्यांना मिळालं ती माणसं वेगळी होती. हातमाग विणकरांचं बघा. १८२० च्या सुमारास ब्रिटनमध्ये सुताचे सुमारे अडीच लाख हातमाग होते. १८५० पर्यंत चाळीस-पन्नास हजार उरले. त्या विणकराच्या नातवाला पुढे चांगली नोकरी लागली असेलही. आजोबाच्या ताटाला त्याचा काय उपयोग?

शिवाय पगार वाढला आणि माणूस लवकर मेला, असंही होतं. कामगार वस्त्यांच्या आरोग्यावरच्या एडविन चॅडविकच्या १८४२ च्या अहवालात मँचेस्टरच्या मजुरवर्गात मृत्यूचं सरासरी वय १७ दिलं आहे आणि रटलंडसारख्या शेतीच्या भागातल्या मजुरांचं ३८. मँचेस्टरमध्ये पगार जास्त होता, तरीही. हे १७ वाचून तिथला माणूस सतराव्या वर्षी मरत होता असं कृपा करून समजू नका. तान्ही मुलं इतकी मरत होती की सरासरी खाली ओढली जात होती, आणि शहरात तरुण कुटुंबं जास्त म्हणून मुलंही जास्त. पण दिशा स्पष्ट आहे. घाण पाणी, तळघरातली बिऱ्हाडं आणि उघडी गटारं पगारातून वसुली करत होती. ती थांबली ती नळ, गटारं आणि आरोग्याचे कायदे झाल्यावर, म्हणजे मुख्यतः १८४८ नंतर आणि खऱ्या अर्थानं १८७५ नंतर.

आपल्याकडची पहिली कहाणी मुंबईची आहे, आणि नाशिककरांनी ती आपलीच समजावी, कारण घाटावरची माणसंही तिकडेच जात होती. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे सुरू झाल्यावर तर इगतपुरीच्या पलीकडची मुंबई जवळच आली. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. कामाचा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. पुढे १९०५ च्या आसपास गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा दिवस मावळला तरी यंत्रं थांबेनात. तेरा-चौदा तासांचं काम, कुठे त्याहूनही जास्त. विजेचा दिवा हा आपण सुधारणेच्या खात्यात टाकतो. त्या दिव्याखाली उभ्या असलेल्या बाईनं तो कोणत्या खात्यात टाकला असता?

कामाचे तास कसे उतरले तेही पाहा. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यानं फक्त मुलांचे तास बांधले: सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी. मोठ्या पुरुषांच्या तासांना पहिली मर्यादा १९११ च्या कायद्यात आली, कापड गिरण्यांसाठी बारा तास. १९२२ मध्ये आठवड्याला ६०, १९३४ मध्ये ५४, १९४६ मध्ये ४८. पहिल्या गिरणीपासून आठ तासांच्या दिवसापर्यंत नव्वद वर्षं. या नव्वद वर्षांत यंत्रं कितीतरी पटींनी वेगवान झाली, पण यंत्राच्या वेगानं दिवस आपोआप लहान झाला नाही. तो संपांनी, अर्जांनी, कायद्यांनी आणि काही वेळा साथीनं लहान झाला किंवा महाग झाला. १८९६ च्या प्लेगमध्ये माणसं मुंबई सोडून पळाली, तेव्हा गिरण्यांना मजूर मिळेना. एरवी महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात अडकवून ठेवणारे मालक तेव्हा रोजच्या रोज पैसे मोजत होते. मजूर दुर्मीळ झाला की काय होतं याचा इतका उघडा पुरावा दुसरा मिळणं कठीण.

आकडे वाचण्यातली एक मेख सांगते, कारण विद्यार्थी इथे हमखास अडकतात. १९२१ साली मुंबईत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे बालमृत्यू साडेसहाशेच्या वर होते. वाचून अंगावर काटा येतो. पण गिरणीतल्या बायका बाळंतपणाला गावी जात. मूल जन्मायचं कोकणात किंवा देशावर, म्हणून मुंबईच्या जन्मनोंदीत ते नाहीच. दोन-तीन महिन्यांनी आई मूल घेऊन चाळीत परत यायची, आणि तिथे ते दगावलं तर मृत्यूची नोंद मुंबईची. भागाकारात वरची संख्या, म्हणजे मृत्यू, शहराची; खालची, म्हणजे जन्म, अपुरी. त्यामुळे आकडा फुगला. तरीसुद्धा फुगवटा काढून टाकला तर जे उरतं तेही भयंकर आहे, कारण एका खोलीच्या बिऱ्हाडांतलं प्रमाण मोठ्या घरांच्या कितीतरी वर होतं. आकडा चुकीचा आहे म्हणून दुःख खोटं ठरत नाही, आणि दुःख खरं आहे म्हणून आकडा तपासायचा सोडता येत नाही.

त्याच सुमारास, १९२१-२२ मध्ये, मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. धान्याचा हिशेब केला तेव्हा निघालं की कामगार दुष्काळी कामांवरच्या मजुराला ठरवून दिलेल्या कमाल धान्याइतकं खातो, पण तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जेवढं लिहिलं आहे त्याहून कमी. हे सरकारच्याच माणसानं लिहून ठेवलं आहे. मी वर्गात हे वाक्य सांगते तेव्हा दरवर्षी शांतता पसरते.

त्या पाहणीतली दुसरी गोष्ट तुमच्या 'मोजतात कसं' या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर आहे. घरखर्चातला किती भाग पोटात जातो ते बघायचं. गरीब घरात तो मोठा असतो. घर सावरलं की तो घटत जातो आणि शाळा, औषध, प्रवास, भाडं यांना जागा होते. १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामगार घरात अन्नाचा वाटा सुमारे ५७ टक्के होता. आता औद्योगिक कामगारांसाठी निघणारा ग्राहक किंमत निर्देशांक घ्या, ज्याच्या केंद्रांमध्ये आपलं नाशिकही आहे आणि ज्याच्या 'पॉइंट'वर तुमच्या आजोबांचा महागाई भत्ता चढत होता. त्याच्या १९८२ च्या मालिकेत देशभरच्या कामगारांच्या खर्चात अन्नाचं वजन होतं ५७ टक्के. २००१ च्या मालिकेत ते ४६ झालं, २०१६ च्या मालिकेत ३९. एक पाहणी एका शहराची आणि दुसरी देशाची, त्यामुळे ओळीला ओळ जुळवू नका. पण साठ वर्षं हललेलं दिसत नाही आणि पुढच्या पस्तीस वर्षांत झपाट्यानं उतरतं, ही चाल डोळ्यांत भरते. आजोबांची नोकरी बरोबर त्या वळणावर सुरू झाली आणि संपली.

पण कारखानदारीचा हिशेब कारखान्याच्या गेटवर सुरू होत नाही. जिचा रोजगार कारखान्यानं नेला ती बाई गेटच्या आत कधी येतच नाही, म्हणून ती कुठल्याच हजेरीपटात सापडत नाही. हातमागाच्या एका विणकराला पुरेल एवढं सूत द्यायला चार-पाच चरखे तरी लागत, आणि चरख्यावर बहुतेक बायका. मँचेस्टरचं आणि नंतर मुंबईचं गिरणीचं सूत आलं तेव्हा विणकराला ते स्वस्त पडलं, तो काही काळ टिकला, आणि चरखा मात्र अडगळीत गेला. येवल्याचा पैठणी विणकर रेशमामुळे आणि कसबामुळे वाचला. मालेगावात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी माग चालू ठेवले. त्यांच्या घराआड कातणाऱ्या बायकांचं काय झालं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आपण 'उद्योग बुडाला' म्हणतो तेव्हा विणकर डोळ्यांसमोर येतो. बुडालेल्यांत मोठी संख्या कातणारणींची होती.

नाशिकच्या तांबट आळीची गोष्ट तशी जवळची. इथला तांब्या-पितळेचा माल प्रसिद्ध: हंडे, घंगाळी, तपेल्या, समया. एकोणिसाव्या शतकात परदेशी तांब्याचा तयार पत्रा मुंबईमार्गे येऊ लागला. ओतून आणि ठोकून पत्रा करण्याचं जड काम वाचलं, भांडं स्वस्त झालं आणि तांबटाचं गिऱ्हाईक वाढलं. म्हणजे त्याच रेल्वेनं, त्याच आयातीनं एका कसबाला आधी हात दिला. मी एका कारागिरासमोर बसून पाहिलं आहे. घडवलेली कळशी तो लोखंडी खरवईवर चढवतो, डाव्या हातानं बोटभर फिरवतो, उजव्या हातानं एक ठोका, पुन्हा बोटभर, पुन्हा ठोका. ओळी वाकड्या होत नाहीत. याला ते मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, भांड्याला पोचे पडत नाहीत. नक्षी हा त्यातला दुसरा फायदा. बोलताना हात थांबत नव्हता, आणि आवाजामुळे त्याला कानानं कमी ऐकू येत होतं. आधी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी आली, मग स्टील. तांबटाच्या मुलांपैकी काही सातपूरला प्रेस शॉपमध्ये गेले. तिथेही धातूचा पत्राच, पण ठोका मशीनचा. पगार बापाच्या कमाईपेक्षा बरा, दिवाळीला बोनस, आणि हातातली कला एका पिढीत संपली. हे सुधारणं की बिघडणं? मला त्या घरांत दोन्ही उत्तरं एकाच ताटावर बसलेली दिसली.

सिन्नरची विडी तर तुमच्या तालुक्यातली. तेंदूची पानं रात्री भिजवून ओल्या कापडात गुंडाळायची, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पान उचललं, चिमूट भरली, वळलं, टोक नखानं दुमडलं, दोरा. इतकं वेगात की डोळ्याला एकच हालचाल दिसते. मजुरी हजारावर. संध्याकाळी कारखान्यात माल दिला की तिथला माणूस छाट काढतो, म्हणजे नापास विड्या बाजूला करतो. छाटीचे पैसे मिळत नाहीत आणि विड्याही परत मिळत नाहीत, अशी तक्रार मी कितीतरी बायकांकडून ऐकली. पान कमी वजनाचं दिलं तर हजार भरायला पदरची पानं घालावी लागतात. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरी काम करणारीलाही कामगार मानलं, आणि पुढे ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधी हे शब्दही तिच्यापर्यंत आले. आता बघा: सातपूरच्या कंपनीचा पगार आणि सिन्नरच्या ओट्यावरची हजारावरची मजुरी, दोन्ही एकाच जिल्ह्यातली, एकाच काळातली, पुष्कळदा एकाच कुटुंबातली. मालेगावच्या यंत्रमागांवर बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी. गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग तिथे लागले, आणि एका मालकाचे माग छोट्या छोट्या शेडमध्ये विभागले की कारखाना कायदा दाराबाहेर राहतो. आठ तासांचा दिवस १९४६ ला आला हे मी वर लिहिलं. तो मालेगावच्या शेडपर्यंत पोचलाच नाही. म्हणून 'औद्योगिकीकरणाच्या काळात कामगारांचं राहणीमान' असं एकेरी बोललं की मला बोलणाऱ्याला थांबवावंसं वाटतं.

नाशकात सरकारी कारखान्यांनी वेगळी रेघ आखली. नाशिकरोडला १९२५ साली सिक्युरिटी प्रेस आली, तोवर हिंदुस्थानची तिकिटं लंडनहून छापून येत. १९२८ ला नोटांचा छापखाना. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना. 'मुलगा प्रेसमध्ये आहे' एवढ्या वाक्यावर सोयरिकी जुळत होत्या. पेन्शन, क्वार्टर, दवाखाना असलेला कामगार कसा जगतो हे नाशिकनं या कारखान्यांत आधी पाहिलं आणि सातपूरच्या युनियननं मागण्या लिहिताना तेच डोळ्यांसमोर ठेवलं.

सातपूर वसलं ते औद्योगिक विकास महामंडळ १९६२ ला स्थापन झाल्यावर. मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना १९६४ पासून राज्य सरकार सवलती देत होतं, गंगापूर धरणाचं पाणी होतं, मुंबई-आग्रा रस्ता होता. सातपूर-अंबडच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. त्यांच्या घरी विचाराल तर या प्रश्नाला तिसरंच उत्तर मिळेल, आणि तेही लिहून घ्या. पण आजोबांच्या पिढीला मिळालं ते भारतात फार थोड्या कामगारांना मिळालं आहे. मुंबईच्या गिरणी कामगारानं नव्वद वर्षं झगडून मिळवलेलं सगळं त्यांना नोकरीच्या पहिल्या दिवशी तयार मिळालं: १९४८ चा कारखाना कायदा आणि कामगार राज्य विमा (ईएसआय), १९५२ चा भविष्य निर्वाह निधी, १९६५ चा बोनस कायदा, १९७२ ची ग्रॅच्युइटी. वर दर तीन-चार वर्षांनी युनियनचा करार. त्यातून सिडकोच्या सहा योजनांतलं छोटं घर, त्यावर पुढे चढवलेला मजला, मुलींची शाळा. इंग्लंडच्या कामगाराला जी साठ वर्षं थांबावं लागलं, ती तुमच्या आजोबांना थांबावी लागली नाहीत, कारण दुसऱ्या कुणीतरी ती आधीच मोजली होती.

वडिलांची गोष्ट तिथेच बिनसते. १९७० साली कंत्राटी कामगारांचा कायदा झाला. कायम स्वरूपाच्या कामावर कंत्राटी माणूस असू नये, या दिशेनं तो होता. नव्वदच्या दशकानंतर मात्र जुने परमनंट निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागी कंत्राटी आले. मी काही कंत्राटी कामगारांचे कागद पाहिले आहेत. गेट तेच, मशीन तेच, सुपरवायझर तोच. पण दोन-तीन वर्षांनी ठेकेदाराचं नाव बदललं की पीएफचा नंबर नवा. २०१४ ला एकच कायमचा क्रमांक सुरू झाला तोवर कित्येकांचे पैसे तीन-तीन, चार-चार खात्यांत विखुरले होते, आणि सेवा तुटक दिसल्यामुळे ग्रॅच्युइटीचा हिशेबच लागत नव्हता. करार झाला की पेढे वाटले जातात. त्या करारात यांचं नाव नसतं. वडिलांच्या घरी गॅस आहे, मोबाइल आहे, मुलगा कॉलेजात आहे, आणि अन्नाचा वाटा आजोबांच्या घरापेक्षा बहुधा कमी आहे. वस्तूंच्या यादीत ते पुढे आहेत. उद्याच्या खात्रीत मागे आहेत. राहणीमानाच्या मोजपट्टीवर खात्रीची खूणच नसते, म्हणून त्यांचं म्हणणं कुरकुर वाटतं. ती कुरकुर नाही. आजोबांच्या पगारातली सगळ्यात मोलाची गोष्ट तोच सलगपणा होता, त्या आजींनी मला दाखवलेला चौथा रकाना, आणि वडिलांच्या बाबतीत नेमका तोच कोरा होत चालला आहे.

तुम्ही स्वतः हे काम करा, तुमच्या घरापासून. आजोबांची जुनी पगाराची पाकिटं किंवा पावत्या मिळाल्या तर सोनं. नाही मिळाल्या तर पीएफची जुनी स्लिप, राज्य विम्याचं कार्ड, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, आत्यांचे शाळा सोडल्याचे दाखले. आत्या कितवीला शाळेतून काढल्या, यावरून घराची त्या वर्षीची तंगी पगाराच्या आकड्याहून नीट कळते. पगार वाचताना कपातीही लिहा: सोसायटी, ॲडव्हान्स, एलआयसी. वडिलांकडून प्रत्येक ठेकेदाराच्या काळातली सुरुवातीची आणि शेवटची तारीख घ्या, आणि मधले बिनकामाचे दिवस वेगळे मोजा. गावाकडची तुलना करायची तर गावातच राहिलेल्या चुलत आजोबांकडे जा, आणि १९७२ सोडून एखादं बऱ्या पावसाचं वर्ष विचारा.

आणि आजोबांआधी आजींना गाठा. आजोबा पहिला पगार लगेच सांगतील, तो त्यांना पाठ असतो. आजींना विचारा: सातपूरला आल्यावर पाणी कुठून भरायचात, किती वाजता उठायचात, तीन पाळ्यांचे डबे कसे जमायचे, गावी असताना शेतावर मिळणारे स्वतःचे पैसे इथे आल्यावर कुठून यायचे. सिन्नरच्या आहेत म्हणजे विड्या वळल्या असतील. सातपूरला आल्यावर वळत होत्या का, थांबल्या तर कोणत्या साली, हे विचारा. ते साल पक्कं झालं की त्या वर्षीच्या आजोबांच्या पगाराशेजारी मांडा, आणि मग मला दाखवायला घेऊन या.